सेल वॉलमधल्या शर्करा आणि एन्झाइम्स: यात रिसर्च करिअर करावं का?

प्रश्न थोडक्यात असा होता: बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालंय, वनस्पतींच्या सेल वॉलमधली (पेशीभोवतीच्या भिंतीतली) कार्बोहायड्रेट्स आणि त्यांची एन्झाइम्स यावर पीएचडीची जागा मिळतेय, पण आजूबाजूचे सगळे सांगतायत की जिनोमिक्स घे, साखरांमध्ये काय ठेवलंय. तर हे काम रोजच्या रोज कसं असतं आणि आयुष्यभर पुरेल का?

पुरेल, त्याची काळजी नको. मी या विषयात खूप वर्षं काढलीत आणि अजूनही सेल वॉल नक्की वाढते कशी याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर कुणाकडे नाही, म्हणजे कामाला तोटा नाही. पण एक गोष्ट आधीच सांगते, या क्षेत्रातलं निम्मं काम म्हणजे काहीतरी मोजणं आणि उरलेलं निम्मं म्हणजे मोजलेला आकडा खरंच त्याच रेणूचा आहे का याची खातरजमा करणं. ज्यांना या दुसऱ्या निम्म्याचा कंटाळा येतो त्यांनी इकडे फिरकू नये असं माझं स्पष्ट मत आहे, भले कितीही हुशार असोत.

अवघड का आहे ते बघ. डीएनएला साचा आहे, प्रोटीनला साचा आहे, साखरेच्या साखळीला साचाच नाही. कुठल्याही जीनमध्ये 'आता इथे गॅलॅक्टोज लाव' असं लिहिलेलं नसतं, जीन फक्त गॅलॅक्टोज लावणारं एन्झाइम बनवतो, मग ते प्रत्यक्षात लागलं की नाही हे गॉल्जीमध्ये (पेशीतला साखळ्या बनवणारा कारखाना) त्या वेळी काय काय हजर होतं त्यावर. त्यामुळे एकाच पेशीतल्या झायलोग्लुकनच्या (वॉलमधली साखळी, ग्लुकोजच्या कण्यावर झायलोजच्या फांद्या) दोन साखळ्यासुद्धा तंतोतंत सारख्या असतील याची खात्री नाही. नमुना कमी पडला तर वाढवायला डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पीसीआरसारखं काही नाही, जेवढा हातात आहे तेवढाच. त्यात जोडण्याचे प्रकार. दोन ग्लायसीन जोडले तर एकच डायपेप्टाइड बनतं, पण दोन ग्लुकोज (नेहमीच्या सहा कोपऱ्यांच्या रिंगवाले) ११ वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात. आणि सेल वॉलमध्ये नुसतं ग्लुकोज कुठे आहे, ऱ्हॅम्नोगॅलॅक्टुरोनन-२ नावाच्या एका छोट्याशा पेक्टिनमध्येच (पेक्टिन म्हणजे वॉलमधल्या जेलीसारख्या साखळ्या) डझनभर वेगवेगळ्या साखरा आणि २० हून जास्त प्रकारचे जोड आहेत. हा रेणू पुढे परत येणार आहे, लक्षात ठेव.

आता पहिलं वर्ष कसं जातं ते. टिश्यू लिक्विड नायट्रोजनमध्ये दळायचा, ७० टक्के इथेनॉलने धुवायचा, मग क्लोरोफॉर्म-मिथेनॉल, मग अ‍ॅसिटोन, वाळवायचं. हाती येतो पांढरट भुगा, त्याला आम्ही एआयआर म्हणतो, म्हणजे अल्कोहोलमध्ये न विरघळलेला भाग. नवीन विद्यार्थी त्या ट्यूबवर खुशाल 'सेल वॉल' असं लिहितात. ती सेल वॉल नसते, त्यात प्रोटीन असतं, न्यूक्लिक अ‍ॅसिड असतं आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे स्टार्च असतो. संध्याकाळी तोडलेलं पान स्टार्चने गच्च भरलेलं असतं, म्हणून तोडण्याआधी झाडं अंधारात ठेवतात आणि तरीही नंतर अमायलेजने स्टार्च काढतात. हे नाही केलं तर काय होतं? २ मोलर टीएफए (एक तीव्र आम्ल), १२१ अंश, तासभर, या साखळ्या तोडून सुट्या साखरा करायच्या नेहमीच्या हायड्रोलिसिसमध्ये क्रिस्टलाइन सेल्युलोज फारसा तुटत नाही, तरीही क्रोमॅटोग्राममध्ये (वेगळ्या केलेल्या साखरांच्या आलेखात) ग्लुकोजचा पीक, म्हणजे उंचवटा, आभाळाला टेकलेला दिसतो. मग कुणीतरी उत्साहात नवीन ग्लुकन (ग्लुकोजची साखळी) सापडला म्हणून धावत येतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो, स्टार्च काढलास का?

साखरा वेगळ्या करायला बहुतेक लॅबमध्ये आयन एक्सचेंजवाली एचपीएलसी (द्रवाबरोबर कॉलममधून पाठवून रेणू वेगळे करणारं मशीन) असते, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये चालते, डिटेक्टरला सोन्याचा इलेक्ट्रोड. झकास मशीन आहे पण लहरी. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्या हायड्रॉक्साइडमध्ये विरघळला की कार्बोनेट होतो, कार्बोनेट कॉलमला चिकटतो आणि सगळे पीक सरकायला लागतात. झायलोज आणि मॅनोज तर आधीच एकमेकांना खेटून येतात. म्हणून बाटलीवर हीलियम किंवा नायट्रोजनचा दाब ठेवायचा, स्टँडर्ड (माहीत असलेल्या साखरांचं मिश्रण) दर थोड्या रन्सनंतर परत टाकायचं, आणि मशीनने पीकवर छापलेलं नाव म्हणजे ब्रह्मवाक्य नाही हे डोक्यात ठेवायचं.

पण साखरा कोणत्या हे कळलं तरी त्या कशा जोडल्यात हे कळत नाही, त्यासाठी मेथिलेशन अ‍ॅनालिसिस. याच्यावर जरा थांबते कारण माझ्या मते हे ज्याला हाताने करता येतं त्याला या क्षेत्रात कुणी हलवू शकत नाही. कल्पना सोपी आहे: साखळीत जे हायड्रॉक्सिल मोकळे आहेत त्यांना मेथिल ग्रुप लावून टाकायचा, मग साखळी तोडायची, तुटलेल्या जागी नवीन हायड्रॉक्सिल उघडे पडतात, त्यांना अ‍ॅसिटिल लावायचा. म्हणजे जिथे अ‍ॅसिटिल तिथे जोड होता (रिंग बंद होती ती जागासुद्धा यात येते, ती वजा करायची). मध्ये एक पायरी रिडक्शनची असते आणि ती साध्या बोरोहायड्राइडने न करता बोरोड्युटेराइडने करतात (यात हायड्रोजनच्या जागी जड ड्युटेरियम असतो). हे असं का ते झायलोजवर छान दिसतं. झायलोग्लुकनमध्ये २ नंबरच्या कार्बनला जोडलेला झायलोज असतो, झायलनमध्ये (झायलोजचीच साखळी) ४ नंबरला जोडलेला. रिडक्शननंतर या दोन्हींपासून बनणारे रेणू एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात, जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) कॉलमवर एकाच वेळी बाहेर येतात, साध्या मास स्पेक्ट्रममध्येही सारखेच. फरक फक्त एवढाच की ड्युटेरियमने पहिल्या कार्बनवर खूण केलेली असते, त्यामुळे ४ नंबरवाल्याचा तुकडा ११८ वजनाला दिसतो आणि २ नंबरवाल्याचा ११७ ला. एका हायड्रोजनच्या वजनाएवढ्या फरकावर तू ठरवतेस किंवा ठरवतोस की नमुन्यात झायलोग्लुकन किती आणि झायलन किती. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं, अजूनही वाटतं.

यातही खाचखळगे आहेतच. सेल्युलोज डीएमएसओमध्ये (मेथिलेशनच्या द्रावकात) नीट विरघळत नाही, मग मेथिलेशन अर्धवट होतं, अर्धवट झालं की न लागलेल्या जागा फांद्यांसारख्या दिसतात आणि सरळ साखळीवर खोट्या फांद्या उगवतात. युरोनिक अ‍ॅसिड (आम्ल गट असलेल्या साखरा) आधी रिड्यूस केली नाहीत तर या पद्धतीत ती दिसतच नाहीत, म्हणजे पेक्टिनचा कणाच गायब. पेक्टिन काढताना न्यूट्रल पीएचला गरम केलं तर बीटा एलिमिनेशन नावाच्या रिअॅक्शनने साखळी आपोआप तुटते आणि मग आपण म्हणतो या झाडात पेक्टिन छोटं आहे. असे पेपर छापून आलेत, आणि दुर्दैवाने ते अजून साइटही होतात.

एन्झाइम्सकडे येऊ. दोन वेगळी जगं आहेत, बनवणारी आणि तोडणारी, आणि दोन्हीकडे सुखाने जगणारे लोक सहसा वेगवेगळ्या स्वभावाचे असतात. बनवणारी, म्हणजे ग्लायकोसिलट्रान्सफरेज, मेम्ब्रेनमध्ये रुतून बसलेली, अगदी कमी प्रमाणात, डिटर्जंट लावून बाहेर काढली की बऱ्याचदा मरतात. झायलोग्लुकनवर फ्युकोज ही साखर लावणारं एन्झाइम मटारापासून शुद्ध करून त्याच्या जीनपर्यंत पोचायला १९९९ उजाडलं. सेल्युलोज सिंथेजचं उदाहरण तर अजून बोलकं आहे, कापसातून त्याचे जीन १९९६ मध्ये सापडले, बॅक्टेरियातल्या एन्झाइमची रचना २०१३ मध्ये मिळाली आणि वनस्पतीतल्या, पॉप्लरच्या, सेल्युलोज सिंथेजची क्रायो-ईएमने (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी) २०२० मध्ये. जीनपासून रचनेपर्यंत २४ वर्षं, आणि त्यावर जगभरातल्या चांगल्यातल्या चांगल्या लॅब्स काम करत होत्या. तेव्हा घाई असेल तर विचार कर.

तोडणारी एन्झाइम्स हाताळायला सोपी, पाण्यात विरघळतात, विकतही मिळतात. पण तिथे वेगळाच सापळा आहे. बाटलीवर एक नाव असतं आणि आत चार जणं बसलेली असतात, पेक्टिनेजमध्ये थोडं झायलनेज, सेल्युलेजमध्ये थोडं बीटा-ग्लुकोसिडेज. नमुन्यावर टाकण्याआधी दुसऱ्या तीन-चार सब्स्ट्रेटवर (दुसऱ्या साखळ्यांवर) टाकून बघायचं, उकळून मारलेल्या एन्झाइमचा कंट्रोल ठेवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लाव. आणि अ‍ॅसे. साखळ्या तुटून उघडी पडलेली (रिड्यूसिंग) टोकं रंगाने मोजणारी डीएनएस पद्धत सगळ्यांना शिकवतात कारण सोपी आहे, लाल रंग आला, ओडी (रंगाची तीव्रता) घेतला, झालं. पण डीएनएसमध्ये साखळीच्या लांबीप्रमाणे रंग कमीजास्त येतो, हेमिसेल्युलेजची अ‍ॅक्टिव्हिटी फुगून दिसते, नेल्सन-सोमोग्यी पद्धतीने तेच मोजलं तर आकडा बराच खाली. दोन्हींनी मोजून मग बोलावं.

आणि हे बारकावे म्हणजे नुसती सोवळ्यातली शिस्त नाही, मोठे शोध अशाच फटीतून आलेत. १९९२ हे वर्ष बघ. एडिनबरामध्ये स्टीफन फ्राय यांच्या गटाने, आणि त्याच सुमारास जपानमधल्या निशितानी आणि तोमिनागा यांनी, असं एन्झाइम दाखवलं जे झायलोग्लुकनची साखळी कापतं आणि कापलेलं टोक पाण्याला न देता दुसऱ्या साखळीला जोडून टाकतं. नुसता रिड्यूसिंग शुगर अ‍ॅसे करणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं, कारण नवीन रिड्यूसिंग टोकं वाढतच नाहीत, शून्य अ‍ॅक्टिव्हिटी लिहून तो घरी गेला असता. त्याच वर्षी कॉसग्रोव्ह यांच्या लॅबमधून एक्सपान्सिन नावाचं प्रोटीन आलं. काकडीच्या रोपाच्या देठाचा तुकडा, पेशी मेलेल्या, आम्ल बफरमध्ये ताणून धरला तर हळूहळू लांबतो, उकळला की लांबणं बंद, आणि वाढत्या देठातून काढलेलं प्रोटीन परत घातलं की लांबणं सुरू. ते प्रोटीन काही तोडत नाही! निदान मोजता येईल असं काही नाही. त्या काळी वॉल सैल करायची म्हणजे काहीतरी कापायलाच पाहिजे असा सगळ्यांचा समज होता, त्यामुळे हे पचायला लोकांना वेळ लागला.

जीन आणि केमिस्ट्री एकत्र आली की काय होतं त्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे अरॅबिडॉप्सिसचा (लॅबमध्ये नेहमी वापरतात ते छोटं रोप) मर-१ म्युटंट, म्हणजे एक जीन बिघडलेलं झाड. १९९३ मध्ये सापडला, पानं-देठात फ्युकोज जवळपास नाहीच, झाड बुटकं, देठ ठिसूळ. फ्युकोज कुठे असतो? झायलोग्लुकनच्या फांदीच्या टोकाला. त्या काळी झायलोग्लुकन म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंना बांधणारी दोरी असं सगळे मानायचे, मग तर्क सरळ होता, टोकाचा फ्युकोज गेला, दोरी ढिली पडली, झाड खुजं राहिलं. पटतं की नाही? पण मग झायलोग्लुकनवर फ्युकोज लावणारं नेमकं ते एकच एन्झाइम बिघडलेला मर-२ म्युटंट तपासला तर झाड मस्त वाढलेलं, काही झालेलं नाही. मग मर-१ खुजं का? उत्तर त्या मघाच्या ऱ्हॅम्नोगॅलॅक्टुरोनन-२ मध्ये निघालं. त्यातही थोडा फ्युकोज असतो, मर-१ मध्ये त्याच्या जागी एल-गॅलॅक्टोज बसतो, आणि मग या रेणूच्या दोन प्रतींना बोरॉन जसं जोडून ठेवतं तसं जोडता येत नाही. नेहमीच्या झाडात जवळजवळ सगळे रेणू जोडीने असतात, मर-१ मध्ये साधारण निम्मेच. २००१ मध्ये दाखवलं गेलं की या झाडांना जास्तीचं बोरिक अ‍ॅसिड दिलं की जोड्या परत बनतात आणि झाड नेहमीसारखं वाढतं. बोरॉन झाडांना लागतं हे कित्येक दशकं माहीत होतं, कशाला लागतं ते या एवढ्याशा पेक्टिनने सांगितलं. नुसतं सिक्वेन्सिंग करून हे कधीच कळलं नसतं, कुणीतरी बसून तो रेणू वेगळा काढून कॉलमवर जोड्या मोजल्या म्हणून कळलं.

आणि त्या दोरीचं काय झालं ते पण ऐक. अल्बर्शाइम यांच्या गटाने १९७३ मध्ये सेल वॉलचं जे मॉडेल मांडलं तिथपासून पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये झायलोग्लुकन ऐटीत बसलेला. २००८ मध्ये असा डबल म्युटंट आला ज्यात झायलोग्लुकन मोजण्याइतकासुद्धा सापडत नाही, आणि झाड? थोडं लहान, मुळांचे केस आखूड आणि बुडाशी फुगलेले, बाकी ठीक. २०१२ मध्ये कॉसग्रोव्ह यांच्याच लॅबने दाखवलं की नुसता झायलोग्लुकन कापणारं किंवा नुसता सेल्युलोज कापणारं एन्झाइम घालून वॉल सैल होत नाही, दोन्ही कापणारं घातलं तरच होते, म्हणजे भार पेलणाऱ्या जागा मोजक्याच आहेत आणि तिथे दोघे एकमेकांत गुंतलेले आहेत. इतक्या वर्षांची आकृती खोडावी लागली. या क्षेत्रात राहायचं तर आपली लाडकी आकृती कुणीतरी खोडणार हे गृहीत धरून चालायचं.

अँटिबॉडीने चमकवलेले फोटो दिसायला सुंदर असतात, प्रत्येक टॉकमध्ये असतात, पण तिथेही डोळे उघडे ठेव. एलएम१५ ही झायलोग्लुकन ओळखणारी अँटिबॉडी काही टिश्यूंमध्ये अगदी फिकी दिसायची, वाटायचं तिथे झायलोग्लुकन नाहीच. २००८ मध्ये नॉक्स यांच्या गटाने आधी पेक्टेट लायेजने पेक्टिन काढलं आणि मग तीच अँटिबॉडी लावली, तर तोच टिश्यू लख्ख उजळला. झायलोग्लुकन होताच, पेक्टिनखाली झाकलेला.

आता करिअर, कारण खरा प्रश्न तोच आहे. पैसा या क्षेत्रात लाटांनी येतो. एक लाट फळं पिकण्याची होती, पॉलिगॅलॅक्टुरोनेज (पेक्टिन तोडणारं एन्झाइम) बंद केलं की टोमॅटो मऊ पडणार नाही या आशेवर फ्लेव्हर सेव्हर टोमॅटो १९९४ मध्ये अमेरिकेत बाजारात आला, आणि मऊ पडणं त्याने फारसं थांबलं नाही. जे बंद केलं की टोमॅटो खरंच टणक राहतो ते एन्झाइम, पेक्टेट लायेज, बंद करून दाखवलं ते २०१६ मध्ये, तोपर्यंत ती लाट ओसरून गेली होती. मग २००७ च्या आसपास बायोफ्युएलची लाट, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने एकदम तीन मोठी सेंटर्स काढली आणि कालपर्यंत आम्हाला न विचारणारे लोक सेल वॉल तोडायची कशी म्हणून विचारायला लागले. मग आतड्यातले बॅक्टेरिया, २०१७ मध्ये दाखवलं गेलं की आपल्या आतड्यातला एक बॅक्टेरिया तो ऱ्हॅम्नोगॅलॅक्टुरोनन-२ सुद्धा एक जोड सोडून पूर्ण तोडतो, आणि त्या कामातून रेणूची छापलेली रचनाच काही ठिकाणी दुरुस्त करावी लागली. लाटेबरोबर निधीच्या अर्जाची भाषा बदलायची, हात तेच ठेवायचे. ज्यांनी प्रत्येक लाटेला रेणूच बदलला त्यांचं कशातच नाव झालं नाही असं मी बघितलंय.

अ‍ॅकॅडेमियाबाहेर म्हणशील तर एन्झाइम कंपन्या, खाद्यपदार्थांतलं पेक्टिन आणि फायबर, कागद, कापड, ब्रुइंग (तिथे बीटा-ग्लुकन फिल्टर तुंबवतो म्हणून एन्झाइम लागतंच), सगळीकडे साखरेचं अ‍ॅनालिसिस नीट येणारा माणूस लागतो आणि असे लोक कमी आहेत. जिनोमिक्सवाल्यांची गर्दी आहे, ११७ आणि ११८ मधला फरक सांगू शकणाऱ्यांची नाही.

जिनोमिक्स शिकू नको असं मी म्हणत नाही. सीक्वेन्सवरून एन्झाइम कुठल्या फॅमिलीत पडतं ते कार्बोहायड्रेट एन्झाइम्सच्या केझी डेटाबेसमध्ये मिनिटात कळतं, रचनेचा अंदाजही कॉम्प्युटर देतो. पण फॅमिली कळली म्हणजे काम कळलं असं नाही. झायलोग्लुकन कापून जोडणारी आणि नुसतं कापणारी, दोन्ही एकाच जीएच१६ फॅमिलीत शेजारी शेजारी बसलेली आहेत, कोण काय करतं ते शेवटी ट्यूबमध्येच ठरतं. म्हणून माझा सल्ला, आधी केमिस्ट्री, मग जेनेटिक्स. उलट्या क्रमाने आलेल्यांना केमिस्ट्री शिकायला वेळच मिळत नाही, ते आयुष्यभर नमुने दुसऱ्याकडे पाठवतात आणि आलेल्या टेबलवर विश्वास ठेवतात.

तोटे पण सांगते. पेपर हळू निघतात, तुझ्या बॅचमधल्या मुलांचे तीन होतील तेव्हा तुझा एक. नातेवाइकांना काम समजावता येत नाही. रिव्ह्यूअर दोन टोकांचे मिळतात, एकाला साखरेतलं काही कळत नसतं आणि दुसऱ्याला इतकं कळत असतं की तो मेथिलेशनचा कच्चा डेटा मागतो. दुसरा बरा. आणि ज्ञान एकाच माणसाच्या हातात अडकून पडायची फार सवय आहे या क्षेत्राला, लॅबमधला जीसी-एमएस चालवणारा रिटायर झाला की अख्खी पद्धत बंद पडते.

तेव्हा हो म्हणायच्या आधी त्या लॅबमध्ये एक चक्कर मार आणि गाइडना 'प्रोजेक्ट काय' हे विचारायच्या आधी तिथल्या सीनियर विद्यार्थ्यांना विचार की मेथिलेशन इथे कोण करतं, शेवटचं कधी केलं होतं, आणि स्टँडर्डचे क्रोमॅटोग्राम दाखवता का. इथेच होतं, आमच्यातलंच कुणीतरी करतं असं उत्तर आलं तर जा. सगळं बाहेर पाठवतो असं आलं तर गाइड कितीही नावाजलेले असोत, दुसरी लॅब बघ.